महापालिकेत माणसे कोणती वाढवायची?

२०२२ च्या मार्चपासून जवळजवळ चार वर्षे ठाणे महानगरपालिकेला सभागृह नव्हते. कल्याण-डोंबिवलीत तर ही अवस्था २०२० च्या नोव्हेंबरपासून होती. या काळात अर्थसंकल्प, बांधकामांच्या परवानग्या, कंत्राटे आणि नोकरभरती हे सारे निर्णय प्रशासकाच्या एका सहीने होत राहिले. २०२६ च्या जानेवारीत निवडणुका झाल्या आणि लोकांचे प्रतिनिधी पुन्हा आपापल्या जागी बसले. नव्या सभागृहापुढे पाणी, रस्ते, वाहतूक, कचरा हे परिचित प्रश्न आहेतच. परंतु या साऱ्यांच्या मुळाशी असलेला एक प्रश्न सभागृहात क्वचित निघतो, आणि निघाला तरी प्रशासनाने ठेवलेल्या गोषवाऱ्यावर हात वर करून पाच मिनिटांत संपतो. तो प्रश्न आस्थापनेचा आहे: कोणती पदे निर्माण करायची, किती करायची आणि कोणती रद्द करायची.

कार्यकर्त्यांनाही हा विषय रुक्ष वाटतो. आकृतिबंध, बिंदुनामावली, सेवाप्रवेश नियम असल्या शब्दांनी सभेतला माणूस कंटाळतो. तरीही या स्तंभाची जागा आम्ही आज या विषयाला देत आहोत. शहराचे खरे धोरण महापौरांच्या भाषणापेक्षा पदांच्या तक्त्यात अधिक स्पष्ट वाचता येते. ज्या कामाला माणूस नेमलेला नाही ते काम करण्याचा त्या शहराचा विचार नाही, असेच समजले पाहिजे. या कसोटीवर ठाण्याचा घोडबंदर रस्ता तपासून पाहण्यासारखा आहे.

गावांचे शहर झाले

ठाण्याची नगरपालिका १८६३ ची. १ ऑक्टोबर १९८२ रोजी ती आणि भोवतालची ३२ गावे मिळून महानगरपालिका अस्तित्वात आली. त्या वेळी घोडबंदर रस्त्याच्या एका अंगाला येऊरचा डोंगर, दुसऱ्या अंगाला खाडी आणि मध्ये भातशेती, आगरी-कोळ्यांची गावे व आदिवासी पाडे असे चित्र होते. कोलशेत-बाळकुमच्या बाजूला कारखाने होते. आज मानपाडा, वाघबीळ, कावेसर, कासारवडवली, ओवळे, भाईंदरपाडा ही नावे गृहसंकुलांच्या जाहिरातींतून देशभर पोचली आहेत. कोलशेतला बायर आणि क्लॅरियंट या कंपन्यांच्या कारखान्यांच्या जमिनींवर निवासी मनोरे उभे राहिले. कारखान्याबरोबर कायम नोकरी, भविष्यनिर्वाह निधी आणि युनियनचा फलक गेला. त्याच जमिनीवर आज जो रोजगार आहे तो बहुतांशी संकुलाच्या दारावरच्या रखवालदाराचा, झाडलोट करणाऱ्या बाईचा आणि सामान पोचवणाऱ्या मुलाचा आहे.

१९९१ च्या जनगणनेत ठाणे शहराची लोकसंख्या आठ लाखांच्या आसपास होती. २००१ मध्ये ती साडेबारा लाखांवर आणि २०११ मध्ये १८ लाख ४१ हजारांवर गेली. वीस वर्षांत शहर दुपटीहून अधिक झाले. २०२१ ची जनगणना वेळेवर झालीच नाही, त्यामुळे माणसे मोजण्याचे शेवटचे अधिकृत साधन अजून २०११ चेच आहे. घोडबंदर रस्त्यावरची वाढ प्रामुख्याने त्यानंतरच्या काळातली. म्हणजे ज्या भागात माणसे सर्वांत वेगाने वाढली, तोच भाग शिरगणतीत सर्वांत कमी दिसतो, आणि लोकसंख्येच्या प्रमाणात जी काही पदे द्यायची त्यांच्या हिशेबातही तोच मागे राहतो.

या वाढीला एकदा न्यायालयानेही अडवून पाहिले. २०१७ च्या मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने पाणीटंचाईच्या प्रश्नावरून घोडबंदर परिसरातील नव्या बांधकामांना परवानग्या देण्यास मनाई केली होती. पुढे ती मनाई उठली आणि बांधकामे पूर्ववत सुरू झाली. त्या प्रकरणातून उभा राहिलेला प्रश्न मात्र कायम आहे. पालिका इमारतीला परवानगी देते तेव्हा त्या इमारतीत राहायला येणाऱ्यांची सेवा कोण करणार याचा हिशेब तिने केलेला असतो काय?

हा हिशेब अवघड मुळीच नाही. पाचशे घरांचे एक संकुल घ्या. घरटी चार माणसे धरली तर दोन हजार लोकवस्ती झाली. माणशी रोज १३५ लिटर या प्रचलित मानाने तिला रोज २ लाख ७० हजार लिटर पाणी हवे. माणशी अर्धा किलो कचरा धरला तर रोज एक टन कचरा उचलावा लागेल. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाच्या मानकाप्रमाणे दर दहा हजार वस्तीमागे एक आरोग्यसेविका आणि दर पन्नास हजारांमागे एक नागरी आरोग्य केंद्र असावे. म्हणजे अशी पाच संकुले झाली की एक आरोग्यसेविका आणि पंचवीस झाली की एक अख्खे केंद्र वाढले पाहिजे. नगरनियोजनाच्या केंद्रीय मार्गदर्शिकेत दोन लाख वस्तीमागे एक अग्निशमन केंद्र सांगितले आहे. वाहनतळ किती असावेत, उद्वाहन किती असावेत, हे परवानगीच्या वेळी काटेकोर मोजले जाते. आरोग्यसेविका, सफाई कामगार आणि अग्निशामक मात्र त्या नकाशात कोठेच नसतात.

पस्तीस टक्क्यांची करामत

पदे वाढवण्याचा विषय निघाला की प्रशासनाचे उत्तर ठरलेले असते: आस्थापना खर्च ३५ टक्क्यांच्या वर जाता कामा नये, असे शासनाचे बंधन आहे. महानगरपालिकेला आपल्या अधिकारात नवी पदे निर्माण करता येत नाहीत, त्यासाठी राज्य शासनाची मान्यता लागते, आणि मान्यता देताना शासन हा ३५ टक्क्यांचा दाखला पाहते. नगरपालिकांनी आपला सगळा पैसा पगारांत उडवू नये, काही पैसा विकासकामांना उरावा, हा या बंधनामागचा हेतू वाईट म्हणता येणार नाही. परंतु हे बंधन प्रत्यक्षात कसे काम करते ते पाहू.

समजा, एका पालिकेचा एकूण खर्च शंभर रुपये आहे आणि त्यांतले चाळीस रुपये तिच्या कर्मचाऱ्यांच्या वेतनावर जातात. मर्यादा ओलांडली गेली. आता तिने दहा रुपये वेतनाचे सफाईचे काम कंत्राटदाराला दहा रुपयांनाच दिले. आस्थापना खर्च तीस टक्क्यांवर आला आणि मर्यादा पाळली गेली. पालिकेच्या तिजोरीतून जाणारी रक्कम तेवढीच राहिली, रस्ता तोच राहिला, झाडूही तोच राहिला. बदलले ते एवढेच की दहा रुपये आता वेतनाच्या शीर्षाखाली न पडता सेवांच्या शीर्षाखाली पडू लागले, त्यांतला काही हिस्सा कंत्राटदाराच्या नफ्यात गेला आणि झाडणाऱ्याच्या हाती तेवढे कमी आले. काटकसरीसाठी घातलेले बंधन अशा रीतीने मजुरी कमी करण्याचे यंत्र बनते. पालिकेचे आरोग्य दाखवणारा आकडा सुधारतो, कामगाराचे बिघडते.

यातली दुसरी हानी आपल्या चळवळीच्या दृष्टीने अधिक गंभीर आहे. मंजूर पदाला बिंदुनामावली असते. त्यात अनुसूचित जाती-जमाती, भटके-विमुक्त, इतर मागासवर्ग, स्त्रिया, अपंग यांच्या जागा ठरलेल्या असतात. कंत्राटदार जी माणसे घेतो त्यांना कोणतीही बिंदुनामावली नसते. म्हणजे आरक्षणाचे एकही कलम न बदलता, विधिमंडळात एकही भाषण न होता, सामाजिक न्यायाचे क्षेत्र दरवर्षी थोडे थोडे आक्रसत जाते. गंमत अशी की झाडू आणि गटार या कामांत कंत्राटाखालीही पूर्वीच्याच जातींची माणसे दिसतात. लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे कायम सफाई कामगाराच्या वारसाला जो हक्क मिळाला, तो त्यांना नाही. काम जुनेच राहिले, हक्क तेवढे गळाले.

न्यायालयांच्या निर्णयांनी या प्रश्नाला वळणे दिली आहेत. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात कायम स्वरूपाच्या कामातील कंत्राटी पद्धत बंद करण्याची तरतूद होती. २००१ च्या पोलाद प्राधिकरणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की अशी बंदी आली म्हणून कामगार आपोआप मुख्य मालकाच्या सेवेत येत नाही. २००६ च्या उमादेवी निर्णयाने मागल्या दाराने झालेल्या नेमणुका कायम करण्यास अटकाव केला. त्याच न्यायालयाने २०१७ च्या एप्रिलमध्ये कचरा वाहतूक श्रमिक संघाने लढवलेल्या प्रकरणात मुंबई महापालिकेच्या २७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा आदेश उचलून धरला. आणि २०२४ च्या डिसेंबरात, उमादेवी निर्णयाची ढाल पुढे करून वर्षानुवर्षे राबणाऱ्यांना तात्पुरते ठेवणाऱ्या सरकारी आस्थापनांना त्याने खडसावले. या सगळ्यांतून निघणारा बोध एवढाच की कामगाराला न्यायालयाच्या दारात वीस वर्षे उभे करण्यापेक्षा पद आधी मंजूर करणे आणि ते उघड परीक्षेने भरणे हाच सरळ मार्ग आहे.

कर्मचारी आधीच जास्त आहेत काय?

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो घेणारे सगळेच कामगारद्वेष्टे नसतात. ते म्हणतात, महापालिकेत आधीच माणसे जास्त आहेत, टेबलामागे टेबल लागले आहे, आणखी भरती म्हणजे आणखी चहाचे पेले. पार्किन्सन या ब्रिटिश लेखकाने १९५५ साली हाच मुद्दा विनोदी ढंगाने मांडला होता. अधिकारी आपल्या हाताखालची माणसे वाढवतो, ती एकमेकांसाठी काम निर्माण करतात, आणि कामाच्या प्रमाणाशी संख्येचा काही संबंध उरत नाही. ज्याने कोणत्याही सरकारी कचेरीत फाइलीचा प्रवास पाहिला आहे त्याला हे नाकारता येणार नाही.

पण पार्किन्सनने पाहिली ती माणसे कागद हलवणारी होती. गटारात उतरणाऱ्याने स्वतःसाठी आणखी गटारे निर्माण केल्याचे ऐकिवात नाही. महापालिकेत दोन प्रकारच्या आस्थापना एकत्र नांदतात. एक कचेरीतली, जिला हा नियम लागू पडतो, आणि दुसरी रस्त्यावरची, जिला तो लागू पडत नाही. दोन्हींची मिळून एकच टक्केवारी काढली की पहिलीच्या पापाचे प्रायश्चित्त दुसरीला घ्यावे लागते.

दुसऱ्या आस्थापनेच्या खर्चाविषयी विल्यम बॉमोल या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६७ साली जे दाखवून दिले ते आजही लक्षात घेण्यासारखे आहे. कारखान्यात यंत्र सुधारते तसे एका कामगाराच्या हातून अधिक माल निघतो, म्हणून वेतन वाढूनही माल स्वस्त राहू शकतो. रुग्णाची शुश्रूषा, शाळेतले अध्यापन, गल्लीची सफाई यांत तसे होत नाही. परिचारिकेने एका तासात तिप्पट रुग्ण तपासले तर आपण तिला कार्यक्षम म्हणत नाही, निष्काळजी म्हणतो. बाहेरचे वेतनमान वाढत जाते तशा या सेवा इतर वस्तूंच्या मानाने महाग होत जातात. हा कोणाचा आळस नाही, त्या कामाचा तो स्वभावच आहे. शहरापुढे मग तीनच वाटा उरतात. एक, वाढता खर्च करांतून सोसणे. दोन, सेवा कमी करणे. तीन, सेवा करणाऱ्यांना कमी मजुरी देणे. आपल्या महापालिकांनी दुसरी आणि तिसरी वाट एकाच वेळी धरली आहे, आणि त्या निवडीला सुधारणा असे नाव दिले आहे.

निकष कोणते असावेत?

तेव्हा पदे वाढवावीत एवढे म्हणून भागत नाही. शासनाने उद्या पाचशे पदे मंजूर केली तर ती कोणत्या खात्याला द्यायची? प्रत्येक खातेप्रमुख आपली मागणी तातडीची आहे असेच सांगणार. आमच्या मते तीन प्रश्न विचारले तर पुष्कळसा गोंधळ दूर होईल.

पहिला प्रश्न: हे काम रोजचे आणि कायमचे आहे काय? उड्डाणपुलाचा आराखडा एकदाच करायचा असतो, त्यासाठी बाहेरचा तज्ज्ञ ठरावीक मुदतीसाठी घेण्यास हरकत नाही. कचरा मात्र रोज होतो. दुसरा प्रश्न: हे काम झाले नाही तर प्रथम कोणाचे अडते? ज्याला तीच सेवा बाजारातून विकत घेता येते तो काही काळ थांबू शकतो. ज्याला घेता येत नाही त्याला थांबवता कामा नये. तिसरा प्रश्न: या कामात सार्वजनिक अधिकार वापरला जातो काय? जो माणूस पाणी सोडतो, बांधकाम थांबवतो, आगीच्या धोक्याची नोटीस देतो, त्याची निष्ठा आणि जबाबदारी पालिकेशीच बांधलेली हवी. त्याचा पगार ज्याच्या खिशातून येतो त्याच्याकडेच तो पाहणार.

कोणती पदे आधी

घोडबंदर रस्त्याला हे प्रश्न लावून पाहिले तर क्रम आपोआप पुढे येतो.

सर्वांत आधी आरोग्य. २०२३ च्या ऑगस्टमध्ये कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात १२ आणि १३ तारखेच्या दरम्यान, चोवीस तासांच्या आत १८ रुग्ण दगावले. जिल्हा शासकीय रुग्णालयाच्या पुनर्बांधणीमुळे तिकडचे रुग्णही त्या काळात या पाचशे खाटांच्या रुग्णालयाकडे येत होते. प्रत्येक मृत्यूचे वैद्यकीय कारण निराळे असेल. परंतु रुग्ण गावातल्या केंद्रात वेळीच तपासला गेला, त्याला वेळीच पुढे पाठवले गेले, तर शेवटच्या तासाला मोठ्या रुग्णालयाच्या दारात येणाऱ्यांची संख्या कमी होते, हे सांगायला डॉक्टर व्हावे लागत नाही. २०११ ची लोकसंख्या धरली तरी ठाण्याला ३७ नागरी आरोग्य केंद्रे आणि १८४ आरोग्यसेविका लागतात, आजची धरली तर कितीतरी अधिक. घोडबंदर रस्त्यावर खाजगी रुग्णालयांची रांग आहे, म्हणून या भागाला सरकारी केंद्राची गरज कमी आहे, असा युक्तिवाद ऐकू येतो. त्या मनोऱ्यांत धुणीभांडी करणाऱ्या, बांधकामावर राबणाऱ्या आणि येऊरच्या पायथ्याच्या पाड्यांत राहणाऱ्या बायकांचे बाळंतपण त्या रांगेत होत नाही. शिवाय अभियानाखालची बहुतेक पदे कंत्राटी, वर्षावर्षाने मुदत वाढवून मिळणारी आहेत. परिचारिका, आरोग्यसेविका, औषधनिर्माता आणि प्रयोगशाळा तंत्रज्ञ ही पदे पालिकेने आपल्या कायम आस्थापनेवर घेतली पाहिजेत.

दुसरे, अग्निशमन. तीस-चाळीस मजल्यांच्या वस्तीत आग विझवणे हे काम जुन्या ठाण्यातल्या आगीपेक्षा वेगळे आहे. २००६ च्या राज्य कायद्याप्रमाणे इमारतीच्या मालकाने वा संस्थेने वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, आपली अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र द्यावयाचे असते. हे प्रमाणपत्र खरे की खोटे हे जाऊन पाहणारा अधिकारी नसेल तर ते कागदच राहते. अग्निशामक, यंत्रचालक आणि तपासणी अधिकारी ही तिन्ही पदे एकत्र वाढली तरच उपयोग.

तिसरे, पाणी. या रस्त्यावरच्या कित्येक संस्था टँकर विकत घेतात. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर वर सांगितलेल्या पाचशे घरांच्या संकुलाची रोजची पूर्ण गरज २७ टँकरांची होते. ज्या वस्तीला टँकर परवडत नाही तिचे पाणी व्हॉल्व्हमनच्या हाती असते. कोणत्या गल्लीला किती वेळ पाणी सुटते हे ठरवणारा माणूस कंत्राटी असणे, यासारखा अविचार नाही. व्हॉल्व्हमन, गळती शोधणारे जोडारी, मापकवाचक आणि पाण्याचे नमुने तपासणारे रसायनतज्ज्ञ यांची पदे बहुमजली वस्तीबरोबर वाढली पाहिजेत.

चौथे, सफाई. येथे नव्या पदांबरोबर जुन्या अन्यायाचाही हिशेब करावा लागेल. सफाई कामगाराच्या नव्या पदांची भरती करताना आज कंत्राटावर काम करणाऱ्यांना वयाची सवलत आणि अनुभवाचे गुण मिळाले पाहिजेत. दहा-बारा वर्षे याच रस्त्यावर झाडणाऱ्याला बाहेर ठेवून नवा माणूस घेतला तर तो कायम पदांचा विजय म्हणता येणार नाही.

पाचवे, बांधकामावर देखरेख करणारे कनिष्ठ अभियंते आणि बीट निरीक्षक. परवानगी देणाऱ्या खात्यात माणसे कमी पडली तर विकासक तक्रार करतात आणि ती मंत्रालयापर्यंत ऐकली जाते. जोते तपासणारा, बेकायदा मजला मोजणारा माणूस कमी पडला तर कोणाचीच तक्रार नसते, ती इमारत पडेपर्यंत. म्हणूनच हे पद मागणारा आवाज आपण झाले पाहिजे.

परिवहन सेवेविषयी वेगळा लेख लागेल. १९८९ साली सुरू झालेल्या ठाणे परिवहन सेवेत आज प्रतिकिलोमीटर दराने चालणाऱ्या कंत्राटी बसगाड्या आहेत. चालक-वाहकांच्या पदांचा प्रश्न त्या धोरणापासून वेगळा काढता येत नाही.

कोणती पदे नकोत

वाढवायच्या पदांची यादी करणे सोपे असते. नको असलेल्या पदांची यादी केल्याशिवाय ती प्रामाणिक ठरत नाही. घोडबंदर रस्त्यावर महापालिका, सार्वजनिक बांधकाम खाते, महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, मेट्रोचे कंत्राटदार अशा अनेकांचे हात आहेत, म्हणून एखादे ‘समन्वय अधिकारी’ हे वरच्या श्रेणीचे पद निर्माण करण्याचा मोह होईल. ज्याला दुसऱ्या यंत्रणेला आज्ञा देता येत नाही असा अधिकारी बैठका घेईल आणि इतिवृत्ते लिहील. विशेष कार्य अधिकारी, सल्लागार, प्रकल्प व्यवस्थापन संस्था यांचेही तेच. राज्य सेवेतून प्रतिनियुक्तीवर येणाऱ्यांसाठी उपायुक्तांची पदे वाढत गेली की खालून वर आलेल्या कर्मचाऱ्याची पदोन्नती खुंटते आणि जो येतो तो तीन वर्षांत शहर ओळखण्याच्या आधी जातो.

आता आपल्याच संघटनांना रुचणार नाही अशी एक गोष्ट. करभरणा, दाखले, हजेरी ही कामे संगणकावर गेल्यानंतर लिपिक, शिपाई आणि साहेबांच्या गाडीचे चालक यांची काही पदे खरोखरच अनावश्यक झाली आहेत. आज त्या पदांवर असलेल्या एकाही माणसाची नोकरी जाता कामा नये. पण तो निवृत्त झाल्यावर ते पद तसेच पुन्हा भरावे, हा आग्रह कामगार संघटनांनी सोडला पाहिजे. त्या पदाच्या वेतनातून एक आरोग्यसेविका किंवा एक अग्निशामक उभा राहत असेल, तर पदांची एकूण संख्या राखूनही शहराची सेवा वाढते. संघटनेने पद वाचवावे, खुर्ची वाचवण्याची गरज नाही.

पैसा कोठून

कायम पदाचा खर्च तीस वर्षांचा असतो. तो भागवायचा तर उत्पन्नही कायमचे हवे. २०१३ पर्यंत जकात आणि त्यानंतर स्थानिक संस्था कर ही पालिकेची आपली साधने होती. २०१५ मध्ये स्थानिक संस्था कर बहुतांशी रद्द झाला, २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला, आणि पालिका राज्याच्या अनुदानावर अवलंबून राहिली. बांधकाम परवानग्यांचे शुल्क आणि वाढीव चटईक्षेत्राचे अधिमूल्य हे उत्पन्न मोठे दिसते, पण ते एकदाच येते. त्याच्यावर पगार बांधले तर पगारासाठी आणखी परवानग्या द्याव्या लागतील, आणि त्या परवानग्यांनी आणखी सेवा लागतील. हे चक्र धोक्याचे आहे. हा पैसा जलवाहिन्या, अग्निशमन केंद्रे, आरोग्य केंद्रांच्या इमारती यांतच गेला पाहिजे.

पगार भागले पाहिजेत ते मालमत्ता करातून. घोडबंदर रस्त्यावरचा प्रत्येक नवा मनोरा वर्षानुवर्षे मालमत्ता कर देणार आहे. शहराच्या कायम उत्पन्नाचा पाया या रस्त्याने रुंदावला आहे आणि त्या प्रमाणात सेवेची माणसे मागणे हा या भागाचा हक्क आहे. त्याचबरोबर ३५ टक्क्यांच्या हिशेबात कंत्राटदारांमार्फत दिलेल्या मजुरीची रक्कमही धरली जावी, अशी मागणी पक्षाने राज्य पातळीवर केली पाहिजे. मग कंत्राटाने आकडा सुधारणार नाही, आणि ज्यांना कंत्राट हवे आहे त्यांना त्याची दुसरी कारणे उघडपणे सांगावी लागतील.

नुसती पदे पुरत नाहीत

४ एप्रिल २०१३ रोजी शीळ फाट्याजवळ बेकायदा इमारत कोसळून ७४ माणसे मेली. त्या प्रकरणात पालिकेच्या अधिकाऱ्यांना आणि एका नगरसेवकाला अटक झाली. तेथे पदे होती, त्यांवर माणसेही होती. कल्याण-डोंबिवलीत बनावट परवानग्यांवर उभ्या राहिलेल्या ६५ इमारतींचे प्रकरण न्यायालयात गेले आणि २०२४ मध्ये त्या पाडण्याचे आदेश झाले. फसवणूक करणारे निराळे आणि बेघर होण्याची पाळी आलेले निराळे. त्याच शहराची २७ गावे १९८३ मध्ये महापालिकेत आली, २००२ मध्ये बाहेर गेली, २०१५ मध्ये पुन्हा आत आली. २०२० मध्ये त्यांतली १८ पुन्हा बाहेर काढण्याचा निर्णय झाला आणि तो न्यायालयात टिकला नाही. ज्या शहराच्या सीमाच राजकारण्यांच्या सोयीने हलतात, तेथे पदांचे नियोजन कसे होणार, आणि कोणत्या गावात कोण जबाबदार हे नागरिकाला कसे कळणार?

म्हणून पदांच्या मागणीबरोबर लोकांच्या देखरेखीची मागणी जोडली पाहिजे. १९९३ मध्ये अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या दिल्या. त्या समितीच्या प्रत्येक बैठकीत त्या भागातील मंजूर पदे, भरलेली पदे, रिक्त पदे आणि कंत्राटी माणसे यांचा तक्ता ठेवलाच पाहिजे. नवे पद आणि रिक्त पद यांत फरक आहे, हेही विसरू नये. ठाणे महापालिकेने २०२५ च्या ऑगस्टमध्ये गट क आणि गट ड मधील सुमारे पावणेअठराशे पदांची जाहिरात काढली, ही चांगली गोष्ट झाली. पण एवढी पदे एकदम भरावी लागतात याचाच अर्थ इतकी वर्षे ती कागदावर मंजूर आणि जागेवर रिकामी होती, आणि ते काम एकतर होत नव्हते किंवा कोणीतरी कमी पैशात करीत होते.

घोडबंदर परिसरातील आपल्या कार्यकर्त्यांना एक काम सांगून हा लेख संपवतो. माजिवड्यापासून गायमुखापर्यंतच्या प्रत्येक आरोग्य केंद्रात, हजेरी शेडमध्ये, पाणी खात्याच्या चौकीत आणि अग्निशमन केंद्रात जा. तेथे किती पदे मंजूर आहेत, किती माणसे प्रत्यक्ष येतात, त्यांतली कायम किती, कंत्राटी किती, त्यांना हातात पगार किती मिळतो आणि भविष्यनिर्वाह निधी भरला जातो काय, हे लिहून घ्या. जे सांगितले जाणार नाही ते माहिती अधिकाराच्या अर्जाने मागा. संकुलांच्या पदाधिकाऱ्यांनाही बरोबर घ्या. टँकरचे बिल भरणारा मध्यमवर्गीय आणि झाडू मारणारा कंत्राटी कामगार यांचे भांडण एकाच तक्त्याशी आहे, हे त्यांना पटवणे कठीण जाऊ नये. सभागृहात अर्थसंकल्पावर चर्चा होईल तेव्हा हा तक्ता आपल्या हाती असला पाहिजे. त्यानंतर कोणती पदे वाढवायची हे प्रशासनाच्या गोषवाऱ्याने पाच मिनिटांत ठरणार नाही.